पोतंभर पुस्तकं

जून 2020. टाळेबंदी सैल झाली आणि कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्या काकांचा फोन आला, ‘ताई, पुस्तकं आलीत, पोतंभर.’ घरात कोंडलेल्यांनी कपाटं आवरली. त्यांचा पसारा तो माझा माल. किलोच्या भावानं उचलला. तीन दिवस गॅलरीत ऊन दाखवलं. सॅनिटायझर नाही लावलं, मागे एका दिवाळी अंकाची शाई त्यानं फुटली होती. ऑनलाइन गिऱ्हाईक मिळतं हो, पण नफा खातं ते टपाल! कुरिअर परवडेना, म्हणून तेव्हा टपालखात्याचं स्वस्त बुकपोस्ट: किराणावाल्याच्या खोक्याचे पुठ्ठे, खाकी कागद, नियमाप्रमाणे एक तोंड उघडं, आत चिठ्ठी नाही. एकदा एका शब्दकोशात वाळलेलं पिंपळपान निघालं. तसंच ठेवून बांधलं. वजन तेवढंच भरलं.