मांजर, माती आणि मोटर

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न पूर्वजांनी तसाच सोडून दिला. आमच्या पिढीपुढचा प्रश्न त्याहून अवघड आहे. मांजराची वाळू कोणी उपसायची?

हसू नका मित्रांनो. इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली की नात्यागोत्यात आपण आपोआप तज्ज्ञ होतो. कुणाचा मिक्सर जळो, कुणाचा गीझर रुसो, बोलावणं आपल्यालाच. माझी मावशी इंदिरानगरला एकटी राहते. आमच्या होस्टेलची मेस रविवारी रात्री बंद असते, त्यामुळे माझं आणि मावशीचं नातं फार घट्ट आहे. तिच्याकडे गुंड्या नावाचा पाच वर्षांचा बोका आहे. वय झालंय ते मावशीच्या गुडघ्यांचं. बाल्कनीतल्या ट्रेसमोर रोज सकाळी वाकायचं, झाऱ्याने वाळूतले गोळे उचलायचे, पिशवीत बांधायचे, आणि मग भिंतीला धरून उठायचं. उठताना तिच्या तोंडून जो "आई गं" निघतो, तो स्वयंपाकघरात ऐकू येतो.

तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, कॅनडात आहे. त्याने फोनवर जाहीर केलं, "आई, तुला ऑटोमॅटिक लिटर बॉक्स पाठवतो. मांजर बाहेर आलं की स्वतःच साफ होतो." मावशीने फोन ठेवला आणि माझ्या ताटात तिसरी पोळी टाकत विचारलं, "तू इंजिनिअर ना रे? सांग, घेऊ का?"

पोळी खाल्ली होती, आता उत्तर देणं भाग होतं. दोन आठवडे सबमिशन बाजूला ठेवून मी या विषयाचा अभ्यास केला. तेवढा थर्मोडायनॅमिक्सचा केला असता तर सर खूश झाले असते.

सुरुवात मातीपासून करू. अमेरिकेत मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाचा माणूस होता. १९४७ च्या हिवाळ्यात शेजारणीने त्याच्याकडे मांजरासाठी वाळू मागितली, कारण तिची वाळू गोठून गेली होती. लोच्या घरचा धंदा तेल शोषून घेणाऱ्या पदार्थांचा. त्याने वाळूऐवजी फुलर्स अर्थ दिली, म्हणजे आपल्या ओळखीची मुलतानी माती. शेजारीण परत मागायला आली आणि त्यातून एक मोठा उद्योग उभा राहिला. पुढे १९८४ मध्ये थॉमस नेल्सन या जीवरसायनशास्त्रज्ञाने गोळा होणारी माती शोधली. ती माती म्हणजे बेंटोनाइट. मेकॅनिकलवाल्यांनो, काही आठवलं? फाउंड्रीच्या साच्याची वाळू धरून ठेवायला जी घालतात तीच ही! ओली झाली की फुगते आणि घट्ट बसते. आपल्या देशात ती कच्छमध्ये मुबलक सापडते. सिव्हिलवाले पायलिंगच्या भोकाची भिंत ढासळू नये म्हणून तीच वापरतात. म्हणजे एकाच मातीवर कोल्हापूरचं कास्टिंग, पुलाचा पाया आणि गुंड्याचा संसार, तिन्ही उभे आहेत.

आता मोटर. अशा यंत्रात साधारणपणे एक मोठा गोल पिंप असतो. मांजर आत गेलं की खालचा लोड सेल वजन ओळखतो. ते बाहेर आल्यावर यंत्र गोळा घट्ट व्हायला काही मिनिटं थांबतं, मग पिंप सावकाश फिरतो. चाळणीतून चांगली माती मागे पडते आणि गोळे खालच्या खणात जातात. जुन्या प्रकारात पिंपाऐवजी दाताळं असतं, ते वाळूतून फिरतं. मोटर एवढीशी, विजेचं बिल नगण्य. कल्पना भन्नाट आहे, यात वाद नाही.

पण "स्वतः साफ होतो" हे नाव जरा फुगवलेलं आहे. यंत्र फक्त चाळतं. खालचा खण आठवड्याने का होईना, माणसालाच रिकामा करावा लागतो. पिंप अधूनमधून घासावा लागतो, सेन्सर पुसावे लागतात. म्हणजे रोजचं पाच मिनिटांचं काम आठवड्याच्या एका मोठ्या कामात बदलतं. मावशीच्या गुडघ्यांच्या हिशोबाने पाहिलं तर भरलेला खण ओढायलाही वाकावंच लागणार! अमेरिकेत नावाजलेल्या यंत्राची किंमत सुमारे ७०० डॉलर, वर वाहतूक आणि जकात. सेन्सर बिघडला तर दुरुस्तीला कुठे न्यायचं? आमच्या ओळखीचा मिक्सरवाला गुंड्याला पाहूनच दुकान बंद करेल.

स्वस्त नकला मिळतात, पण त्यांच्याबाबत मी मावशीला स्पष्ट "नको" म्हटलं. फिरणाऱ्या पिंपाचं तोंड आणि बाहेरची चौकट यांच्यात मांजर सापडलं आणि सेन्सरने ओळखलं नाही, तर काय होईल ते सांगायला नको. परदेशात अशा घटना घडल्या आहेत. सेफ्टी इंटरलॉक हा विषय आपण परीक्षेपुरता वाचतो, इथे त्यावर एक जीव अवलंबून असतो. लहान पिलांचं वजन तर लोड सेलला पुरेसं लागतच नाही, म्हणून चांगल्या यंत्राच्या पुस्तिकेतही पिलांसाठी ऑटोमॅटिक बंद ठेवायला सांगतात.

एवढ्यावर निकाल लागला असता, पण खरा मुद्दा वेगळाच होता आणि तो मला मावशीने सांगितला. गेल्या वर्षी एका सकाळी ती नेहमीसारखी झारा घेऊन बसली, तर वाळूत एकही गोळा नाही. गुंड्या मात्र पुन्हापुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसत होता आणि कण्हत होता. तिने रिक्षा केली आणि थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. त्याची लघवी अडली होती. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, खडे किंवा चिकट बुच अडकलं की शरीरातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी नळी घातली आणि गुंड्या वाचला. "मशीन असतं तर मी वाळूकडे बघितलं असतं का रे?" मावशीने विचारलं. माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं.

न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. नवी यंत्रं मांजर किती वेळा आलं आणि त्याचं वजन किती, हे मोबाईलवर दाखवतात. नोकरीत गुंतलेल्या माणसाला ती सूचना त्याच्या स्वतःच्या नजरेआधी मिळू शकते. घरात चार-पाच मांजरं असतील, हाताला कंप असेल, किंवा कुणी गरोदर असेल तर यंत्राचा विचार जरूर करावा. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो आणि तो गर्भाला घातक असतो. ती विष्ठा संसर्गजन्य व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून ट्रे रोज साफ करतात. पण खणात आठवडाभर साठलेल्या मालाला हा नियम मदत करत नाही. तो खण घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालूनच रिकामा करायचा.

दादाने एक सोपा उपायही सुचवला होता: "कामवाल्या बाईंना सांग ना, शंभर-दोनशे जास्त दे." मावशी ताडकन म्हणाली, "मांजर माझं, घाण माझी. त्यांनी का काढायची?" त्या रात्री होस्टेलवर परतताना हे वाक्य डोक्यात घोळत होतं. आपल्या देशात घाण कोणी काढायची हे यंत्र येण्याच्या कितीतरी आधी ठरवून टाकलं होतं, जातीने. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी मला भंगीकाम द्या म्हणून आग्रह धरला आणि त्यासाठी उपोषण केलं. त्यांना पाठिंबा म्हणून गांधीजींनीही उपवास धरला. हाताने मैला साफ करून घेण्यावर १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे झाले, तरी गटारात उतरून माणसं मरतच राहिली. २०१८ मध्ये केरळातल्या तरुण इंजिनिअरांनी 'बँडिकूट' हा मॅनहोल साफ करणारा रोबो कामाला लावला. माझ्या मते मोटर लावायची खरी जागा ती! जिथे माणसाचा श्वास कोंडतो तिथे यंत्र कितीही महाग असो, स्वस्तच. आणि आपल्या होस्टेलच्या मजल्यावरचे संडास जे मामा पहाटे धुतात, त्यांच्यासाठी निदान फ्लश करून बाहेर यावं, एवढं ऑटोमेशन तर प्रत्येकाला जमण्यासारखं आहे.

मग मावशीचं काय केलं? भांडीबाजारातून स्टीलचा एक रुंद झारा आणला. त्याला तीन फुटी पीव्हीसी पाइपचा दांडा बसवला. ट्रे गुडघ्याएवढ्या उंच चौरंगावर ठेवला आणि गुंड्यासाठी शेजारी एक पायरी केली. सगळा खर्च हजाराच्या आत. मावशी आता खुर्चीवर बसून गोळे उचलते. पहिले दोन दिवस गुंड्याने पायरीचा बहिष्कार केला, तिसऱ्या दिवशी मान्यता दिली. दादाला मी कळवलं की यंत्र नको, ते पैसे गुडघ्यांच्या डॉक्टरांसाठी ठेव. गुडघे याहून बिघडले तर हा निर्णय पुन्हा तपासू, हेही लिहिलं.

फायनल इयरच्या ग्रुपना मात्र एक विषय देऊन ठेवतो. पिंप फिरवू नका. साध्या ट्रेखाली चार लोड सेल, एक एचएक्स-७११ आणि एक आर्डुइनो लावा. मांजर येण्याआधीचं आणि गेल्यानंतरचं वजन मोजा. फरक शून्य येत राहिला तर घंटा वाजवा. परदेशात असे काटे निघाले आहेत, आपल्याला ते फार स्वस्तात करता येतील. ती घंटा मांजराच्या गळ्यात नको, ट्रेखाली हवी, आणि ती ऐकून रिक्षा बोलावणारं माणूस घरात हवं.