आवाज नेमका कुठे तुटतो?

गेला दीड महिना आमच्या घरात एकच वाद चालू होता. बाबांचे गाणे वाजवताना आवाज मध्येच तुटतो, तो कशामुळे? दादाचे म्हणणे, मी जोडलेले यंत्रच गबाळे आहे. ऑडिओच्या दुकानातल्या गृहस्थांचे म्हणणे, केबल हलकी आहे. मी स्वतः वाय-फायला दोष देत होतो. मत तिघांकडे होते, पुरावा एकाकडेही नव्हता. पुढे यात कोण किती खोटे पडले ते सविस्तर लिहितो, कारण वस्तीतल्या कार्यक्रमांच्या कॅसेट तुमच्यापैकीही अनेकांच्या घरी ट्रंकेत पडलेल्या असणार.

आधी पार्श्वभूमी. बाबा गायन पार्टीत गात. 1994 च्या एप्रिलमधल्या एका रात्रीचा कार्यक्रम कुणीतरी टेपरेकॉर्डरवर घेतला होता. नव्वद मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरलेल्या. 2009 मध्ये बाबा गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे तेवढाच उरला. 2019 मध्ये मी डेक लॅपटॉपला जोडून ती कॅसेट संगणकात उतरवली, आणि पुढच्याच पावसाळ्यात घरात पाणी शिरून कॅसेट भिजली. त्यामुळे आता संगणकातली फाइल हाच आमचा मूळ दस्तऐवज. आवाज वाजवताना तुटत असेल तर यंत्र दुरुस्त करता येते. फाइलमध्येच तुटला असेल तर तो गेला. वाद केबलचा दिसत असला तरी माझ्या पोटात गोळा होता तो याचा.

यंत्र असे आहे: एक सेकंडहँड रास्पबेरी पाय 3बी हा छोटा संगणक, आणि त्याच्या पिनांना जोडलेले पीसीएम5102ए या चिपचे मॉड्यूल. मॉड्यूल लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळाले. संगणक आकडे देतो आणि ही चिप त्या आकड्यांचे विजेच्या चढउतारात रूपांतर करते. तो चढउतार अँप्लिफायरमध्ये गेला की स्पीकर वाजतो. एवढ्याच कामाच्या यंत्राला बाजारात डॅक म्हणतात आणि चकचकीत पेटीत घालून पंचवीस-तीस हजारांना विकतात. मी ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवले. पत्रा बाहेरची खरखर अडवतो असे वाचले होते, आणि डबा घरातच होता.

दुकानातले गृहस्थ भले होते, चहा पाजला. पण त्यांचा सल्ला माझ्या संपूर्ण यंत्राच्या तिप्पट किमतीचा होता. चांदीचा मुलामा दिलेली केबल घ्या, आणि पायला 'शुद्ध वीज' द्या. शुद्ध हा शब्द आला की माझे कान टवकारतात, याला माझा इलाज नाही. मी विचारले, डॅकपासून अँप्लिफायरपर्यंतच्या केबलमुळे दोन्ही बाजूंचे आवाज एकाच क्षणी जाऊन एकाच क्षणी परत कसे येतील? डाव्या-उजव्या बाजूला वेगळ्या तारा आहेत. तार तुटकी असेल तर बहुधा एक बाजू जाईल, जमिनीची तार सुटली तर घूं आवाज येईल. ते म्हणाले, "अनुभवाने सांगतोय." अनुभवाला माझा विरोध नाही, पण अनुभव तपासून घेता आला पाहिजे. घरी येऊन मी दादाच्या जुन्या व्हीसीडी प्लेअरची केबल लावली. आवाज तसाच तुटला. विजेचेही पाहिले. पायचा एक आदेश आहे, तो यंत्र सुरू झाल्यापासून वीज एकदा जरी साधारण 4.63 व्होल्टखाली गेली असेल तर सांगतो. उत्तर शून्य आले. अडॅप्टर निर्दोष.

दुसरे टोकही ऐकावे लागले. इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याने सांगितले, "काका, डिजिटल म्हणजे शून्य आणि एक. वाजेल तर नीट वाजेल, नाहीतर वाजणारच नाही." हा युक्तिवाद अनेकदा केला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. आकडा बरोबर असणे पुरेसे नसते, तो वेळेवर यावा लागतो. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला 44,100 वेळा डाव्या-उजव्या बाजूसाठी एकेक सोळा बिटांचा आकडा लागतो, म्हणजे दर सेकंदाला 1,76,400 बाइट. लॅपटॉपवरून ते थांबत-थांबत येतात, चिपला मात्र अखंड हवे असतात. मधे एक साठवण ठेवलेली असते, आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखी. नगरपालिकेचे पाणी दोन तास येवो नाहीतर अर्धा तास, टाकीत आहे तोवर नळ चालू. माझ्या प्लेअरची टाकी जेमतेम अर्ध्या सेकंदाची होती. ती रिकामी झाली की आवाज बंद, आकडे कितीही अचूक असोत.

इथवर मी खूश होतो. सिद्धांत माझ्या बाजूने होता, दोषी वाय-फाय. मग आईने तो सिद्धांत मोडला.

आई रोज संध्याकाळी ऐकायला बसते. तिला सगळी गाणी पाठ आहेत, कोरसमध्ये ती स्वतः उभी असायची. चौथ्या-पाचव्या दिवशी ती म्हणाली, "अरे, हे दोन वेगळे आहेत. एकदा गाणं अडतं आन् तिथनंच पुढं जातं. एकदा ह्यांचा शब्दच खाल्ला जातो."

मी तीन आठवडे ऐकत होतो आणि मला हे कळले नव्हते. टाकी रिकामी झाली तर गाणे थांबेल आणि आकडे आले की थांबल्या जागेपासून पुढे जाईल, त्यात शब्द हरवायचे कारण नाही. शब्द गिळला जातो म्हणजे आकडे तर वेळेवर वाहत आहेत, पण टाकीच्या पुढे कुठेतरी आवाजाचे तोंड दाबले जात आहे. दोन बिघाड होते, आणि मी त्यांना एक समजून एकच औषध शोधत होतो. म्हणूनच आजवर केलेला कोणताही बदल 'काही फरक नाही' असाच वाटत होता.

दुसऱ्या दिवसापासून वही घातली. तारीख, फाइलमधले मिनिट-सेकंद, आणि आईचा शेरा: 'अडले' की 'खाल्ले'. पाय कशानेही वाजवता येतो, पण मी मुद्दाम एप्ले हा अगदी साधा प्लेअर घेतला. तो टाकी रिकामी झाली की पडद्यावर तसे लिहितो, किती वेळ रिकामी होती तेही लिहितो. तीन संध्याकाळींत हिशेब स्पष्ट झाला. 'अडले' असे आईने म्हटले की पडद्यावर प्रत्येक वेळी ओळ उमटली होती. 'खाल्ले' म्हटले तेव्हा पडदा कोरा. यंत्राच्या मते सगळे सुरळीत होते.

'अडले'चा निकाल लवकर लागला. फाइल लॅपटॉपवरून न आणता पायच्या कार्डावर टाकून वाजवली, अडणे पूर्ण बंद. म्हणजे दोष वाटेत. वाय-फायची ताकद मोजली तर वजा 79 डीबीएम. डब्याचे झाकण काढून मोजली, वजा 58. या मापात दहाचा फरक म्हणजे दहापट आणि विसाचा म्हणजे शंभरपट. पायचा अँटेना त्याच्या बोर्डावरच असतो, आणि मी त्याला पत्र्याच्या डब्यात कोंडून वरून झाकण लावले होते! खरखर आत येऊ नये म्हणून केलेल्या बंदोबस्ताने गाणेच आत येईना. डब्याला भोक पाडून लॅन केबल टाकली. वाय-फायवर आरोप करताना मी चुकलो नव्हतो, पण त्याला अडवणारा मीच होतो.

राहिला 'खाल्ले'चा प्रश्न. इथे मित्रांनो, एक कबुली द्यायची आहे. तोवर मी दादाशी मोठ्या तावातावाने भांडत होतो. आपल्या हाताने केलेली वस्तू बिघडली की आधी हातावर संशय घेतला जातो, आणि तीच वस्तू कंपनीच्या पेटीत असली की आपण मॅन्युअल वाचतो, हे मी त्याला वारंवार ऐकवले. ते खरेच आहे. हे आपण दुसऱ्यांकडून शिकलो आणि आता स्वतःच्या माणसांवर वापरतो. पण ही तक्रार खरी असल्याने माझे सोल्डरिंग चांगले ठरत नव्हते. मी वाय-फाय तपासले, वीज तपासली, केबल बदलली. स्वतःचे काम तेवढे तपासले नव्हते.

दादाने हातात पेन्सिल घेतली आणि गाणे चालू असताना मॉड्यूलवर हलकेच टिचकी मारली. आवाज गेला. पुन्हा मारली, पुन्हा गेला. तो काही बोलला नाही. मोठा भाऊ तेवढा मोठा आहे.

मग शोध सोपा होता. आवाज जाताना खट किंवा खरखर होत नव्हती, अलगद मिटल्यासारखा जायचा. आकड्यांची तार हलत असती तर कर्कश खरखर झाली असती. अलगद मिटणे हे या चिपचे स्वतःचे काम आहे. तिला एक्सएसएमटी नावाचा पाय असतो. त्यावर 3.3 व्होल्ट असले तर चिप बोलते, तो शून्याकडे घसरला तर आवाज हळूच खाली नेऊन गप्प होते. माझ्या मॉड्यूलच्या पाठीवर त्यासाठी सोल्डरने जोडायचे छोटे ठिपके होते, चार जोड्या. ते मोकळे ठेवूनच मॉड्यूल विकले जाते, जोडायचे आपण. मल्टिमीटर लावून टिचकी मारली तर तिसऱ्या जोडीवरचा आकडा डळमळत होता. भिंगातून पाहिले तर सोल्डरचा थेंब चमकदार नव्हता, राखाडी आणि दाणेदार होता. रिपेअरवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात: धातू वितळला, पण खालचा ठिपका पुरेसा तापला नव्हता, म्हणून थेंब वर नुसता बसून राहिला. खालून एखादा ट्रक गेला तरी तो हलत असावा. फ्लक्स लावून, दोन सेकंद इस्त्री टेकवून पुन्हा जोडला. खर्च शून्य. दादा निम्मा खरा ठरला, मी निम्मा, दुकानदार अजिबात नाही.

त्यानंतर आठ दिवस वही कोरी राहायला हवी होती. ती कोरी नाही. एकच नोंद रोज येते: बाजू ब, 17 मिनिटे 42 सेकंद, 'खाल्ले'.

बाकीच्या खाडे पडण्याच्या जागा रोज बदलत होत्या. ही बदलत नाही. खरे तर हा प्रश्न मी पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता: तेच गाणे दोनदा वाजवले तर आवाज त्याच जागी तुटतो का? जागा बदलली तर दोष वाजवण्यात, तीच राहिली तर दोष फाइलमध्ये. पाच मिनिटांचे काम, एक रुपयाही न लागणारे. तो प्रश्न मी टाळला, कारण उत्तराची भीती होती.

फाइल ऑडॅसिटीत उघडून ती जागा मोठी करून पाहिली. साधारण पाऊण सेकंद सरळ रेघ. अगदी शून्य. कॅसेटवर असे शून्य कधी नसते, कोणी गात नसले तरी फितीची सरसर असतेच. म्हणजे 1994 साली कोणी रेकॉर्डिंग थांबवले नव्हते आणि फीतही तिथे खराब नव्हती. 2019 मध्ये संगणकानेच तेवढे आकडे गमावले होते. आणि मग आठवले. बाजू ब उतरवून झाल्यावर पडद्यावर एक खिडकी आली होती: खुणा केलेल्या जागी ध्वनी हरवला आहे, तुम्ही कदाचित संथ बाहेरच्या डिस्कवर साठवत आहात. मी बाहेरच्या हार्ड डिस्कवरच साठवत होतो. रात्रीचा एक वाजला होता. मी ओके दाबले आणि खुणांची पट्टी कचरा समजून पुसून टाकली.

आईला सांगितले. तिने तो शब्द म्हणून दाखवला. दादा म्हणाला, तिच्या आवाजात तेवढा भरून टाकू. मी नको म्हटले. दस्तऐवजात खड्डा असेल तर तो दिसू द्यावा, आणि कोणी पाडला तेही लिहून ठेवावे. फाइलसोबत तशी नोंद ठेवली आहे, माझ्या नावासकट.

भिजलेली कॅसेट आईने टाकली नव्हती. कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली निघाली. कवचाला बुरशी आहे, फितीच्या कडेला थोडी पांढरट पूड दिसते, पण गुंडाळी चिकटलेली नाही. लॅमिंग्टन रोडवरून स्क्रूचे कवच असलेली जुनी कोरी कॅसेट आणली आणि दोन्ही चकत्या अलगद तिच्यात बसवल्या. डेकचा रबर बेल्ट सैल झाला आहे, तो मागवला आहे. कदाचित ती एकदाच वाजेल. या वेळी लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर घ्यायची, दुसरा एकही प्रोग्राम उघडा नाही, आणि शेवटी खिडकी आली तर आधी दादाला बोलावायचे.