पिवळं विमान आणि पाठीवरचा पंप



महिनाभर प्लॉटची नोंद टाकली नाही. बऱ्याच जणांनी फोन करून विचारपूस केली. आज सगळं सांगतो. नोंद टोमॅटोचीच आहे, पण मध्ये एक खेळण्यातलं विमान येतं. तेवढं सांभाळून घ्या.

गणपतीच्या आधीची गोष्ट. टोमॅटो साठ दिवसांचा झालेला, फळ पोखरणारी अळी दिसायला लागली होती. आमच्याकडे फवारणी मामा करतात. सहा वर्षं झाली. पण मामा लेकीकडे गेले होते आणि अळी काही थांबणार नव्हती. पंप मीच पाठीवर घेतला. सकाळचे अकरा वाजलेले, वारं सुटलेलं, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, तोंडाला गमछा. सहाव्या पंपाला घामाच्या धारा लागल्या. तोंडातून लाळ थांबेना, समोरचे बांबू धूसर दिसायला लागले. बांधावर बसलो आणि उलटी झाली.

भावानं तालुक्याला नेलं. घरच्यांनी एक शहाणपण केलं, औषधाची बाटली सोबत घेतली. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली, बाहुल्या बारीक झालेल्या बघितल्या, बाटली वाचली आणि लगेच अॅट्रोपिन सुरू केलं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं औषध होतं. तीन दिवस दवाखान्यात काढले. मग तीन आठवडे शेतात पाय ठेवायचा नाही, असं बजावून घरी पाठवलं.

घरात बसून करायचं काय? पोरगी नववीला आहे. मेव्हण्यानं तिला वाढदिवसाला प्लास्टिकच्या विमानाचं किट दिलं होतं, ते कपाटात तसंच पडलेलं. ती म्हणाली, "पप्पा, आपण दोघं करू." टायगर मॉथ. दोन मजली पंखांचं जुनं इंग्रजी विमान. खरं विमान १९३१ साली पहिल्यांदा उडालं, वैमानिकांना शिकवायला वापरायचे. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतही होतं. किट एकास बहात्तर मापाचं, म्हणजे खऱ्याचे पंख जवळपास नऊ मीटर आणि आमचे साडेबारा सेंटीमीटरसुद्धा नाहीत. वीतभरही नाही!

मला वाटलं, पोरांचा खेळ, दुपारीत उरकू. सूचनांचा कागद बाजूला सारला. चौकटीतून तुकडे कापले आणि चिकटवायला लागलो. खालचा पंख बसला. वरचा पंख बारीक खांबांवर उभा राहतो, तो एका अंगाला कलला. सरळ करायला गेलो तर एक खांब मोडला. बोटं तेव्हा अजून थरथरत होती. पोरगी म्हणाली, "पप्पा, आधी कागद वाचा ना." वाचला. त्यात सगळं लिहिलेलं होतं. आधी गोंदाशिवाय जुळवून बघा. कापलेल्या जागेचा कोंब घासून काढा. पंख बसवायच्या आधी रंगवून घ्या, नंतर आत ब्रश पोचत नाही.

मग रीतसर सुरुवात केली. पुठ्ठ्याचा साचा कापून वरचा पंख त्यात टेकवला, खांब एकेक करून बसवले आणि रात्रभर हात लावला नाही. हा गोंद साध्या गोंदासारखा नुसता चिकटत नाही. तो प्लास्टिक थोडं विरघळवतो आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा करतो. म्हणून घाई चालत नाही, कलम बांधल्यावर जसं थांबावं लागतं तसं.

पंखांमधल्या तारांनी मला खरं गुंतवलं. उरलेल्या प्लास्टिकची काडी मेणबत्तीच्या आचेवर धरायची, मऊ झाली की हळूच ओढायची. केसासारखी तार निघते. खऱ्या विमानात काही तारा उडताना पंख वर उचलून मोडू नयेत म्हणून ओढून धरतात, काही जमिनीवर असताना पंखांचं वजन पेलतात. म्हणजे आपली टोमॅटोची बांधणीच की! खांब दाबून धरतो, तार ओढून धरते, दोन्ही मिळून हलकी चौकट मोठं वजन पेलते. एक तार ढिली पडली की सगळी ओळ कलते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पोरगी संध्याकाळी माहिती काढून वाचून दाखवायची. तिथं मी चमकलो. विमानातून पिकावर औषध टाकायची सुरुवातही अशाच दोन मजली पंखांच्या विमानानं झाली. ३ ऑगस्ट १९२१, अमेरिकेतलं ओहायो राज्य, ट्रॉय गावाजवळची कॅटाल्पा झाडांची बाग. अळीनं पानं खाल्लेली. कर्टिस जेनी जातीच्या लष्करी विमानातून शिशाच्या आर्सेनेटची भुकटी टाकली. पुढे न्यूझीलंडमध्ये १९४९ पासून हेच टायगर मॉथ डोंगराळ कुरणांवर सुपर फॉस्फेट टाकायला लागलं. पुढच्या सीटच्या जागी खताची टाकी, वैमानिक मागे. पुढची सीट विमानाच्या तोलाच्या मध्याजवळ आहे, त्यामुळे टाकी भरली काय आणि रिकामी झाली काय, तोल फार बिघडत नाही. माणसानं टाकी कुठं ठेवायची याचा विचार केलेला होता. आपली टाकी आपल्या पाठीवर असते आणि आपण धुक्यातच चालतो.

एका संध्याकाळी पोरीनं खिडकी उघडली आणि माझ्या तोंडाला मास्क बांधला. म्हणाली, "गोंदाचा वास घ्यायचा नाही, कागदावर लिहिलंय." मी बसल्या जागी गप्प झालो. थेंबभर गोंदासाठी मास्क, आणि सोळा लिटरच्या पंपासाठी गमछा!

उठलो, स्टोअरमध्ये गेलो. औषधाच्या खोक्यात घडी घातलेलं माहितीपत्रक होतं, कधीच न उघडलेलं. अक्षर इतकं बारीक की विमानासाठी आणलेलं भिंगच घ्यावं लागलं. बाटलीवर पिवळा त्रिकोण, म्हणजे तीव्र विषारी. पत्रकात लिहिलेलं: हातमोजे घाला, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. विषबाधेची लक्षणं: घाम, लाळ, धूसर दिसणं. उतारा: अॅट्रोपिन. माझी सगळी कहाणी माझ्याच स्टोअरमध्ये मराठीत छापून ठेवलेली होती.

पण खरी बोच पुढची. मामा सहा वर्षं हेच करत होते. कितीदा म्हणाले असतील, "मालक, डोकं जड झालंय." मी म्हणायचो, ऊन लागलंय, लिंबू सरबत घ्या. साठ रुपयांचे हातमोजे मी त्यांना कधी आणून दिले नाहीत. त्या दिवशी ते गावात असते तर बांधावर ते बसले असते. आणि बाटली सोबत घ्यायचं कुणाला सुचलं असतं का, सांगता येत नाही.

मामा परत आल्यावर मी त्यांना हे सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ते जरा अवघडले. मग विमान हातात घेऊन फिरवून बघितलं आणि विचारलं, "याच्यानं दिवसाला किती एकर होतं?" दोघंही हसलो.

आता आमच्या प्लॉटचे नियम असे. पत्रक आधी मोठ्यानं वाचायचं, मामांना वाचता येत नाही म्हणून. त्रिकोणाचा रंग बघायचा: लाल सगळ्यात घातक, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या आणि बूट असल्याशिवाय पंप उचलायचा नाही. फवारणी सकाळी लवकर, वारं शांत असताना, वाऱ्याला पाठ देऊन. मध्ये तंबाखू, बिडी, जेवण बंद. झाल्यावर साबणानं अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे. डोकं जड झालं की काम तिथंच थांबवायचं, आणि त्रास वाढला तर बाटली घेऊन दवाखाना. सरबत नाही.

काल पहिली फवारणी झाली. मामा म्हणाले, हातमोज्यात घाम येतो. म्हटलं, येऊ द्या.

विमान स्टोअरमध्ये औषधाच्या कपाटावर ठेवलंय. पिवळं रंगवलंय. वरचा पंख अजून जरासा कललेला आहे, तो तसाच ठेवलाय. कुलूप काढताना नजर तिथंच जाते.