दोन्ही घरचे मीठ

आम्हा भावंडांच्या लहानपणी चित्रकथा लपवून वाचाव्या लागत. अब्बांच्या मते ती वेळेची नासाडी होती आणि अम्मीच्या मते डोळ्यांची. तरीही भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानातून आम्ही इंद्रजाल कॉमिक्स आणत असू. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन सगळेच आवडत. पण बहादूर विशेष लाडका. डाकूचा मुलगा, ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून बाप मेला त्यानेच वाढवलेला. वर कुर्ता, खाली जीन्स. १९७६ साली अवतरलेल्या या नायकाचे जनक आबिद सुरती आहेत, हे आम्हांला फार उशिरा समजले. समजले तेव्हा ऊर उगाचच भरून आला.

आमचा त्या काळातला एक लाडका वाद होता : वेताळ आणि बहादूर भेटले तर काय होईल? एकाच प्रकाशनाच्या पाठोपाठच्या अंकांत राहणारी ही माणसे एकमेकांना ओळखतही नसत. भिंत एकच, पण दारे वेगवेगळ्या गल्ल्यांत उघडणारी.

असे दोन मालिकांतले नायक एका गोष्टीत आणण्याला क्रॉसओव्हर म्हणतात. अमेरिकेत डीसी आणि मार्व्हल या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी १९७६ सालीच सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांची गाठ घालून दिली. आधी गैरसमज, मग हाणामारी, मग दोस्ती. पण सुपरमॅनपुढे स्पायडरमॅनचा टिकाव कसा लागणार? म्हणून लेखकाने युक्ती केली. खलनायक ल्यूथर गुपचूप किरण सोडून स्पायडरमॅनची ताकद वाढवतो आणि सामना बरोबरीचा होतो. पाहुण्याने यजमानाच्या घरी मार खाऊन परतायचे नाही, हा या प्रकाराचा पहिला नियमच आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पडद्यामागची आहे. या कथेचे लेखक जेरी कॉनवे आणि चित्रकार रॉस अँड्रू या दोघांनीही दोन्ही कंपन्यांसाठी काम केलेले होते. दोन घरे जोडायची तर दोन्ही घरचे मीठ खाल्लेला माणूस लागतो. नुसता करार पुरत नाही.

आमच्या जिव्हाळ्याचे उदाहरण मात्र २०१० सालचे आहे. कुवेतचे मानसशास्त्रज्ञ नाएफ अल-मुतावा यांनी २००६ मध्ये ‘द ९९’ ही चित्रकथा सुरू केली होती. १२५८ साली मंगोलांनी बगदाद लुटले, ग्रंथ दजला नदीत फेकले, इथपर्यंतचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. अल-मुतावांनी पुढे कल्पना लढवली की त्या ग्रंथांमधले ज्ञान ९९ रत्नांत उतरले आणि ती रत्ने जगभर विखुरली. ज्याच्या हाती रत्न लागेल, त्याच्या अंगी अस्माउल हुस्नामधल्या एकेका नावाचा गुण येतो. जब्बार सौदी, नूरा अमिरातीतली, तर एक जण चाकांच्या खुर्चीतला अमेरिकन. सगळे गुण कोणा एकात नाहीत, कारण ते फक्त अल्लाहकडे. मोहिमेवर जायचे ते तिघातिघांनी. दोघेच असले तर मुलगा-मुलगी एकांतात दिसायची! हे वाचून आम्ही मनसोक्त हसलो. हा लेखक आपल्या घरातला आहे याची खूणच ती.

२०१० मध्ये या मंडळींना सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वूमनच्या जस्टिस लीगबरोबर सहा अंकांच्या मालिकेत उतरवण्यात आले. इथेही दुवा माणसांचाच. अल-मुतावा अमेरिकेत शिकलेले, मार्व्हलची कॉमिक्स अरबीत आणणारे. लेखकांपैकी फेबियन निसिएझा मूळचे अर्जेंटिनाचे, अमेरिकन सुपरहिरोंच्या कथांत मुरलेले आणि ‘द ९९’ सुद्धा लिहिलेले. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी या भेटीचे जाहीर कौतुक केले.

पण दोन्ही घरचे मीठ खाणाऱ्याला दोन्ही घरचे बोलही खावे लागतात. अमेरिकेत काहींना ‘द ९९’मध्ये मुलांना बिघडवण्याचा डाव दिसला आणि तिथे जाहीर झालेले टीव्ही मालिकेचे प्रसारण बेमुदत पुढे ढकलले गेले. इकडे २०१४ मध्ये सौदीच्या ग्रँड मुफ्तींनी निषेध केला, कुवेतमध्ये कोर्टकचेरी झाली, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. चित्रकथा त्याआधी २०१३ मध्येच थांबली होती.

आता गाठीभेटींसाठी कंपन्यांची गरज उरलेली नाही. इजिप्तच्या दीना मोहम्मद यांनी २०१३ मध्ये हिजाबधारी ‘काहिरा’ थेट इंटरनेटवर आणली. तिथे दोन चित्रकार आपसांत ठरवतात आणि कामाला लागतात. एक पान याच्या जागी, पुढचे तिच्या. वाचकाला गोष्ट पुरी करायची तर दोन्ही उंबरे ओलांडावे लागतात.

आमची भाची कल्याणला राहते. ती अशी चित्रकथा मोबाईलवर काढते. तिची नायिका हिजाब घालून लोकलने फिरणारी. शेजारच्या मुलाचा नायक रात्री माहुली गडावर भटकणारा. दोघांनी एक गोष्ट मिळून करायची ठरवली आणि तिसऱ्याच पानावर भांडण झाले. त्याने तिच्या नायिकेच्या तोंडी ‘जनाब, तशरीफ लाइये’ घातले होते. भाची कडाडली, “माझी बाई मराठी बोलते. कल्याणची आहे ती, लखनौची नाही!” तो म्हणाला, “आणि माझा मावळा पानापानावर घोषणा का देतोय? तो जरा लाजरा आहे.” दोघे थोडा वेळ गप्प. मग तोच म्हणाला, “बरं, तुझी बाई कशी बोलेल ते तूच लिही.” त्या दिवसापासून त्यांचा नियम झाला : चित्र कोणीही काढो, संवाद ज्याच्या पात्राचे त्याला दाखवल्याशिवाय पुढे जायचे नाहीत.

आम्ही मराठी मुसलमान लेखकांनी या नियमाकडे जरा थांबून पाहावे असे वाटते. मराठी कथा-सिनेमांत आमचे पात्र वर्षानुवर्षे पाहुणे म्हणून आले. कधी दिलदार पठाण, कधी गल्लीतला गुंड. पण संवाद कसे म्हणायचे हे आम्हांला क्वचितच विचारले गेले. आमच्या लिखाणात शेजारचे पात्र येते तेव्हा आम्ही तरी ते कितीदा त्याला दाखवतो? घरी दखनी किंवा कोकणी, शाळेत मराठी, मदरशात अरबी अशी आमची घडण. दोन्ही घरचे मीठ आम्ही जन्मापासूनच खातो आहोत. कॉनवे किंवा निसिएझांना जी जागा नोकरीने मिळाली, ती आम्हांला आईच्या मांडीवरच मिळाली. तेव्हा हे काम आमच्याच वाट्याचे आहे, दोन्हीकडचे बोल खावे लागले तरीही.

भाचीची ती गोष्ट सध्या अकराव्या पानावर आहे. नायिका गडावर अडकली आहे, नायक कर्जत लोकलच्या गर्दीत. कोण कोणाला सोडवणार यावर अजून एकमत झालेले नाही.