काटा आधी वर का चढतो

नियमित व्यायामास आरंभ केल्यानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शरीराचे वजन घटण्याऐवजी अर्ध्या ते दीड किलोने वाढणे, ही शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने मुळीच अनपेक्षित घटना नाही. परंतु व्यायामाचा निश्चय ज्या एका आकड्यासाठी केलेला असतो, तोच आकडा उलट दिशेला सरकलेला दिसल्यामुळे, दिवाळीनंतरच्या थंडीत व्यायामशाळेची वर्षभराची वर्गणी एकरकमी भरणाऱ्यांपैकी अनेकांचा उत्साह संक्रांतीपर्यंतही टिकत नाही. अशा गळतीचे खापर सहसा आळसावर किंवा इच्छाशक्तीच्या अभावावर फोडले जाते. वस्तुतः तिच्या मुळाशी पुष्कळदा मापनाविषयीचा एक गैरसमज असतो आणि तो दूर करण्याची जबाबदारी ज्यांची, ते प्रशिक्षक आणि जाहिरातदारच पहिल्या महिन्यातील ‘घटी’ची हमी देऊन तो वाढवत असतात.

वजनकाटा चरबी मोजत नाही. तो हाडे, स्नायू, रक्त, आतड्यांतील अन्न, मूत्राशयातील मूत्र आणि चरबी या सर्वांची एकत्रित बेरीज सांगतो, आणि या बेरजेतील सर्वांत मोठा व सर्वांत चंचल घटक पाणी हा असतो. इटलीतील पादुआ येथे अध्यापन करणारे वैद्य सांतोरिओ सांतोरिओ (१५६१–१६३६) यांनी तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षे स्वतःचे, स्वतःच्या अन्नपाण्याचे आणि उत्सर्जनाचे वजन केले, आणि खाल्ल्या-प्यायलेल्या पदार्थांचा मोठा भाग मलमूत्रावाटे नव्हे, तर त्वचा व श्वासावाटे, न जाणवणाऱ्या बाष्परूपाने शरीराबाहेर पडतो, असा निष्कर्ष १६१४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. एकाच दिवसात वजन खाली-वर होते आणि त्याचा चरबीशी काही संबंध नसतो, ही गोष्ट चारशे वर्षांपूर्वीच तराजूवर दिसून आलेली असताना, स्नानगृहातील काट्यावर सकाळी वाढलेले तीनशे ग्रॅम पाहून आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही.

नव्या व्यायामाने शरीरात पाणी का साठते, याची मुख्य कारणे तीन आहेत, आणि त्यांपैकी पहिले ग्लायकोजेनशी निगडित आहे. ग्लायकोजेन म्हणजे यकृतात व स्नायूंत साठवून ठेवलेली, ग्लुकोजच्या रेणूंची शाखायुक्त साखळी असून, प्रौढ व्यक्तीच्या स्नायूंत तिचे प्रमाण साधारणपणे चारशे ते पाचशे ग्रॅम आणि यकृतात शंभर ग्रॅमच्या आसपास असते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते. व्यायामाने हा साठा आधी रिता होतो आणि नंतर पूर्वीपेक्षा अधिक भरला जातो, हे स्वीडनमधील योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या एका विलक्षण प्रयोगातून सिद्ध झाले. त्यात हे दोघे संशोधक स्वतःच एका व्यायामसायकलीच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने आपल्या एकाच पायाने, थकून जाईपर्यंत पायडल मारले, दुसरा पाय मात्र विश्रांतीत ठेवला; त्यानंतरचे तीन दिवस पिष्टमय पदार्थांनी समृद्ध आहार घेत दोन्ही मांड्यांतून जाड सुईने स्नायूंचे बारीक तुकडे काढून तपासले असता, राबलेल्या पायातील ग्लायकोजेन विश्रांत पायाच्या जवळपास दुप्पट झालेले आढळले. एकाच शरीरात, एकाच रक्तावर पोसलेल्या दोन पायांपैकी ज्याने श्रम केले त्यानेच शिधा भरून घेतला, म्हणजेच हा साठा करण्याची आज्ञा अन्नातून नव्हे, तर स्नायूंच्या श्रमातून येते. नवशिक्याच्या स्नायूंत शंभर ते दीडशे ग्रॅम ग्लायकोजेन अधिक साठले, तर पाण्यासह ही भर चारशे ते सहाशे ग्रॅम होते, आणि तिच्यात चरबीचा कणही नसतो.

दुसरे कारण स्नायूंच्या दुखण्याशी संबंधित आहे. सिंहगडावर प्रथमच जाऊन आलेल्या माणसाच्या मांड्या चढताना दुखत नाहीत, उतरल्यावरही त्या दिवशी फारशा दुखत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र घराचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो आणि जमिनीवर मांडी घालून बसणे नकोसे होते. याचे स्पष्टीकरण असे की, उतरताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराचा भार तोलत असतानाच लांबत जातो, म्हणजे एकाच वेळी तो ताण धरतो आणि ताणलाही जातो, आणि अशा कामात त्याच्या तंतूंमध्ये अतिसूक्ष्म इजा होतात. बैठका काढताना खाली जाण्याच्या क्रियेत, किंवा वजन उचलल्यावर ते सावकाश खाली ठेवताना हेच घडते. या इजांच्या दुरुस्तीसाठी त्या जागी द्रव आणि रोगप्रतिकारक पेशी जमा होतात, स्नायू किंचित सुजतो, आणि चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान दुखणे शिगेला पोहोचते. थिओडोर हफ या अमेरिकी शरीरक्रियातज्ज्ञाने १९०२ सालीच या उशिरा येणाऱ्या दुखण्याचा संबंध स्नायूंतील सूक्ष्म फाटण्याशी जोडला होता, तरीही ‘लॅक्टिक आम्ल साठल्यामुळे अंग दुखते’ हे वाक्य व्यायामशाळांतून अजून हद्दपार झालेले नाही. प्रत्यक्षात ते द्रव्य व्यायामानंतर तासा-दीड तासात रक्तातून निवळलेले असते. तोच व्यायाम दुसऱ्या-तिसऱ्या वेळी केल्यावर सूज आणि दुखणे दोन्ही बरेच कमी होतात, त्यामुळे आरंभीच अंग आंबेपर्यंत जोर-बैठका काढण्यात शहाणपण नाही. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेसुद्धा थंडीच्या काळात निम्म्या शक्तीनेच व्यायाम करावा, हा ‘अष्टांगहृदया’तील निर्देश पहिल्या पंधरवड्यापुरता तरी प्रत्येक प्रशिक्षकाने भिंतीवर लावण्याजोगा आहे.

तिसरे कारण रक्तातच आहे. चालणे, धावणे, सायकल चालवणे अशा दमसासाच्या व्यायामास शरीर सरावू लागले की, मूत्रपिंडे क्षार व पाणी अधिक राखून ठेवतात आणि रक्तद्रवाचे, म्हणजे रक्तपेशी ज्यात तरंगतात त्या द्रव भागाचे प्रमाण काही दिवसांतच सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. सरासरी तीन लिटर रक्तद्रवाच्या हिशेबाने ही वाढ तीनशे मिलिलिटरच्या घरात जाते. त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलले जाते, घाम लवकर व मुबलक येतो आणि शरीर थंड राखणे सोपे होते. तिन्ही कारणांची बेरीज केली तर एक किलोच्या मागे-पुढे पोहोचणारा आकडा मिळतो, आणि काट्यावर दिसणारी वाढही साधारण तेवढीच असते. याउलट एक किलो चरबी वाढण्यासाठी सुमारे ७,७०० किलोकॅलरी अतिरिक्त अन्न पोटात जावे लागते, म्हणजे आठवडाभर रोजच्या गरजेपेक्षा अकराशे किलोकॅलरी जास्त. नेहमीचेच जेवण जेवणाऱ्या आणि वर व्यायाम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे गणित बसत नाही.

येथे एका सांत्वनाचाही समाचार घेणे भाग आहे. पहिल्याच आठवड्यात वजन वाढले की ‘चरबीचे स्नायू झाले’ असे सांगून धीर दिला जातो. चरबी आणि स्नायू या दोन भिन्न ऊती असून एकीचे दुसरीत रूपांतर होत नाही, आणि स्नायूंची खरी वाढ तर अतिशय संथ असते. मोरितानी आणि डीव्राइस यांच्या १९७९ मधील अभ्यासाने दाखवून दिल्याप्रमाणे, आरंभीच्या आठवड्यांत वाढलेली ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई असते, म्हणजे आहेत तेच स्नायुतंतू मेंदू अधिक संख्येने आणि अधिक सुसूत्रपणे कामाला लावू लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते खोट्या सांत्वनापेक्षा पाण्याचा खरा हिशेब अधिक धीर देतो, कारण तो माणसाला स्वतः पडताळून पाहता येतो.

अर्थात, सगळी वाढ पाण्याच्या माथी मारता येणार नाही. सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीने चार किलोमीटर चालल्यावर साधारणपणे दोनशे किलोकॅलरी खर्च होतात, आणि परतीच्या वाटेवर खाल्लेला एक वडापाव त्या सहज भरून काढून वर उरतो; वाढ तीन-चार आठवड्यांनंतरही चालूच राहिली आणि कमरेचा घेरही वाढत गेला, तर ताटाकडे पाहणे योग्य. काही लक्षणांकडे मात्र आठवडाभरही दुर्लक्ष करू नये: दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढून घोट्यांवर सूज व धाप येणे हे हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचे चिन्ह असू शकते, आणि अतिश्रमानंतर स्नायू असह्य दुखून लघवी काळपट चहासारखी होणे म्हणजे स्नायुतंतू मोठ्या प्रमाणावर फुटल्याची खूण असून, त्यात मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असल्यामुळे तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

उत्साह टिकवण्याचा प्रश्न याच मापनाच्या प्रश्नातून उलगडत जातो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या स्वयंनिर्णय सिद्धान्तानुसार, एखादी कृती बाह्य बक्षिसासाठी केली जात असेल तर बक्षीस लांबताच ती मंदावते, आणि कृतीतूनच कौशल्य वाढल्याचा, ती आपल्या मर्जीने करीत असल्याचा व सोबत्यांशी जोडले गेल्याचा अनुभव मिळत असेल तर ती टिकते. काट्यावरील आकडा हे अशा बाह्य बक्षिसाचे अगदी चोख उदाहरण, शिवाय पहिल्या महिन्यात हमखास उशिरा मिळणारे. या आकड्याची मर्यादा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच छायाचित्रासह दाखवली: दोघांचाही देहभार निर्देशांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या, २२.३ इतकाच होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयातील लिफ्टचे दार मिटण्याआधी ते गाठण्याची धाव, अशी मिश्कील टिप्पणीही त्यांनी तेथे केली होती. कॅनडातील रॉबर्ट रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर लठ्ठ पुरुषांच्या एका गटाला वजन घटू नये इतके अन्न मुद्दाम देऊन तीन महिने व्यायाम करवला असता, वजन तेवढेच राहूनही पोटातील अवयवांभोवतीची, मधुमेह व हृदयविकाराशी निगडित असलेली चरबी घटलेली दिसली.

म्हणून आरंभीच्या दीड-दोन महिन्यांत काट्याऐवजी टेप हाती घ्यावी हे उत्तम. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता महिन्यातून दोनदा घेतलेले माप पुरेसे असते. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची सीमा मानली जाते. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजलेली नाडी, न थांबता चढता येणारे मजले, मधुमेह असल्यास जेवणानंतरची साखर, ही मापे आठवड्याआठवड्याला काही तरी सांगत राहतात आणि पाण्याच्या चढउतारांनी फारशी ढळत नाहीत. सवय रुजण्यास लागणाऱ्या काळाविषयी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात मध्यक ६६ दिवसांचा आला होता, पण व्यक्तिव्यक्तीनुसार तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता, आणि एखादा दिवस चुकल्याने त्या प्रक्रियेत लक्षणीय खंड पडला नव्हता. काट्यावरील वाढ साधारणपणे विरून जाण्याचा काळ आणि सवय अंगवळणी पडण्याचा काळ एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की पहिल्या महिन्यातील माघार बहुधा दोन्ही गोष्टी दृष्टिपथात येत असतानाच घेतली जाते.

ज्यांना वजन केल्यावाचून चैन पडत नाही, त्यांनी ते रोज सकाळी, शौचानंतर आणि न्याहारीपूर्वी करून आठवड्याची सरासरी तेवढी लिहून ठेवावी. मासिक पाळी असलेल्या स्त्रियांनी एका आठवड्याची तुलना मागील आठवड्याशी न करता मागील चक्रातील त्याच आठवड्याशी करावी, कारण पाळीपूर्वीच्या दिवसांत शरीर पाणी धरून ठेवते. आणि याच हिशेबाची उलट बाजूही ध्यानात ठेवावी: भात-पोळी बंद करायला लावणाऱ्या आहारात पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणारे दोन-तीन किलो, किंवा तापात चार दिवस पडून राहिल्यावर घटलेला एखादा किलो, यांतही मुख्यतः ग्लायकोजेन आणि त्याच्याबरोबरचे पाणीच गेलेले असते, बरे वाटून माणूस पुन्हा जेवू लागला आणि तालमीत जाऊ लागला, की तो किलो आठवडाभरात परत येतो.