मालक म्हणजे कोण?

काही वर्षांपूर्वी सोलापुरात घर आणि जमीन यांच्या हक्कांवर काम करणाऱ्या एका संस्थेने माझ्याकडे दोन किरकोळ वाटावीत अशी कामे सोपवली. शहराच्या पूर्व भागातील एका वस्तीत घरोघर पाहणी करायची होती. त्यासाठी माणसे नेमण्याची जाहिरात आणि पाहणीचा छापील नमुना, या दोन्हींची मराठी भाषा मी तपासून द्यावी, आणि मराठीचा अध्यापक या नात्याने निवडीच्या मुलाखतींनाही बसावे, असा प्रस्ताव होता. मी आनंदाने होकार दिला. भाषेच्या अध्यापकाला वर्गाबाहेर कोणी बोलावले की त्याला थोडे फुगायला होतेच.

पाहणीचे प्रयोजन साधे होते. वस्तीतल्या बहुतेक घरांना कागद नव्हता. शासकीय जमिनीवरील निवासी अतिक्रमणे नियमित करण्याच्या राज्याच्या धोरणात १ जानेवारी २०११ ही तारीख कळीची आहे. त्या तारखेपूर्वीपासून आपण येथे राहतो हे ज्याला दाखवता येईल त्याला दाद मागता येते. ज्याला दाखवता येत नाही त्याची गोष्ट तेथेच संपते. तेव्हा कोणत्या घरात कोण राहते, केव्हापासून राहते आणि त्याला पुरावा काय, एवढे तीनच प्रश्न होते. घर हातात येणे न येणे त्यांच्या उत्तरांवर अवलंबून होते.

मी पहिली दुरुस्ती केली ती जाहिरातीत. मूळ मसुद्यात 'पाहणी करणारे हवेत' असे होते; मी तेथे 'क्षेत्र-सर्वेक्षक' घातले. 'मोजणीदार' हा शब्द मनात आला होता, पण तो सरकारी वाटला. 'भूकरमापक' त्याहून सरकारी. नमुन्यात 'घर कुणाचं?' असा एक रकाना होता. बोली वाटल्यामुळे मी त्याचे 'घराचे मालक' असे केले. या दुसऱ्या दुरुस्तीविषयीच हा लेख आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या भागाला मोजणी नवी नाही. मुंबई इलाख्यातील जमीन-मोजणीची साखळी ३३ फुटांची असे आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. हा हिशेब इतका पक्का बसला की फीत आणि उपग्रह आले तरी शेतकऱ्याच्या तोंडून गुंठा गेला नाही. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२०च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात मोठ्या शास्त्रशुद्ध तत्त्वावर पाहणी सुरू केली. मातीचा कस, उत्पन्न, खर्च, सारे मोजून मग सारा ठरवायचा अशी ती योजना. ती कोसळली. नंतरच्या अधिकाऱ्यांनी जी कारणे दिली त्यांत तत्त्वाची क्लिष्टता होती, आणि नेमलेल्या कनिष्ठ नोकरवर्गाने नोंदी वाकवल्या हेही होते. पुढे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यात, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या अगदी उंबऱ्यावर, नवी आणि सोपी पद्धत बसवली. ती टिकली. या इतिहासातून घेण्यासारखा धडा असा की पाहणीची सचोटी नकाशात असते त्याहून अधिक ती करणाऱ्या माणसात, आणि त्याला विचारायला दिलेल्या प्रश्नात असते. हा धडा मला तेव्हाही पुस्तकातून ठाऊक होता. असो.

मुलाखतींना बरीच मुले आली. पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थी होते. भ्रमणध्वनीवर नकाशा उघडून अक्षांश-रेखांश सांगणारे होते. त्यांत एक बाई आल्या. वय पस्तिशीच्या आसपास, शिक्षण दहावी, व्यवसाय विड्या वळणे. मराठी, तेलुगू, कानडी आणि दख्खनी या चारही भाषा त्यांना येत होत्या. पण सोलापुरात हे कोणी गुणांत धरत नाही, कारण पूर्व भागातल्या निम्म्या बायकांना ते येते. 'सर्वेक्षण म्हणजे काय' या आमच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही. नमुना वाचायला दिला तेव्हा त्या बराच वेळ एका रकान्यावर थांबल्या आणि त्यांनी विचारले :

"सर, हितं मालक म्हंजे कोन धरायचं? घराचा का बाईचा?"

आम्ही हसलो. कुत्सितपणे नव्हे, पण हसलो. त्या हसल्या नाहीत. मी त्यांच्या कागदावर शेरा लिहिला, 'उत्तरे मुद्देसूद नाहीत.' तो कागद आजही माझ्याकडे आहे.

निवड झालेल्या मुलांनी तीन आठवड्यांत काम संपवले. प्रत्येक भरलेल्या नमुन्यामागे पैसे ठरले होते, त्यामुळे वेगही चांगला होता. सकाळी नऊला सुरुवात, दुपारी ऊन चढायच्या आत समाप्ती. नमुने पाहून मी खूष झालो. अक्षर वळणदार, रकाना एकही रिकामा नाही. संस्थेच्या कार्यकर्त्यांचा एक नियम मात्र होता की यादी कचेरीत देण्यापूर्वी ती वस्तीत मोठ्याने वाचायची. एका संध्याकाळी मारुतीच्या पारावर वाचन सुरू झाले. चौथ्या की पाचव्या गल्लीपाशी एक मध्यमवयीन बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या नावापुढे 'भाडेकरू' असे वाचले गेले होते.

चौकशी केली तेव्हा घडले ते असे निघाले. मुलाने दारात विचारले, "घराचे मालक कोण?" बाई म्हणाल्या, "मालक न्हाईत." मुलाने विजेचे बिल मागितले. वीज दिराच्या मीटरवरून घेतलेली, बिल दिराच्या नावाचे. मुलाने लिहिले : मालक नाहीत, भाडेकरू. बाईंना सांगायचे होते की नवरा वारला. आमच्याकडे बाई नवऱ्याचे नाव घेत नाही, 'मालक' म्हणते. हे काही गुपित नाही. मला ते ठाऊक होते. माझी आईही तसेच म्हणत असे. पण लेखणी हातात घेतल्यावर मला एकच 'मालक' आठवला, कायद्यातला. नमुने पुन्हा चाळले तेव्हा इतर घरांतही तेच दिसले. 'मालक' या रकान्यात जवळजवळ सर्वत्र नवऱ्यांची नावे होती. ज्या घरांची वीट बाईने विड्यांच्या मजुरीतून आणली होती तेथेही. बायकांनी खोटे काही सांगितले नव्हते. त्यांना मालकाचे नाव विचारले होते. त्यांनी शेजारणीकडून किंवा मुलाकडून ते वदवून घेतले.

त्या वाचनाला मुलाखतीतल्या त्या विडी-कामगार बाईही आल्या होत्या. वस्तीत त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे एकदा पाहिले आणि त्या बाईंना विचारले, "तुझं विडीचं कार्ड कुटंय?"

आम्ही पुरावा म्हणून वीजबिल, करपावती, शिधापत्रिका मागत होतो. १९७६च्या कायद्याने विडी कामगारांसाठी जो कल्याण निधी उभा राहिला त्याच्या दवाखान्यासाठी आणि मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी कामगाराला ओळखपत्र दिले जाई. त्यावर नाव, पत्ता, छायाचित्र. आणि ते बाईच्या स्वतःच्या नावाचे. भविष्यनिर्वाह निधीचा कागदही तसाच तिच्या नावाचा. या शहरात हजारो स्त्रियांच्या पेटीत असा कागद आहे. त्या बाईंच्या पेटीतही होता, २०११च्या कितीतरी आधीचा, त्याच गल्लीच्या पत्त्याचा. आमच्या नमुन्यात त्याला रकाना नव्हता.

पाहणी पुन्हा करायची ठरली. या वेळी नेमणुका कशा करायच्या यावर मोठी चर्चा झाली आणि मी तीत बराचसा गप्प राहिलो. अक्कांसह वस्तीतल्याच काही स्त्रिया नेमल्या. त्यांच्याबरोबर जोडीला आधीची मुले ठेवली, कारण चूक त्यांची नव्हती आणि नकाशाचे काम त्यांना उत्तम येत होते. मजुरी नमुन्यामागे न देता दिवसामागे दिली. नमुन्यामागे पैसे असले की दारात जो भेटेल त्याचे उत्तर घेऊन माणूस पुढे सरकतो. वेळ संध्याकाळची ठेवली. सकाळी बायका वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यात जातात आणि नवे पान-तंबाखू घेऊन परततात, म्हणजे आमची मुले नेमकी त्या घरी नसतानाच दारे ठोठावत होती. स्थानिक माणूस नेमला की तो आपल्यांचे भले करील ही शंकाही रास्त होती. म्हणून कोणालाही स्वतःची गल्ली दिली नाही, आणि जाहीर वाचन कायम ठेवले.

यात नवे काही नव्हते हे मला मागाहून उमगले, आणि ती लाज वेगळी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा सोलापूरच्या भिंतीही हादरल्या होत्या. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसे गेली. पुढे घरांच्या दुरुस्तीचा आणि बांधणीचा जो शासकीय कार्यक्रम जागतिक बँकेच्या साहाय्याने झाला त्यात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले होते. अनुदान किती, हप्ता कधी, भिंतीत दगड कसा बसवायचा, हे त्या घरोघर सांगत आणि घरांचे म्हणणे वर पोचवत. 'सहायक' हा शब्द छापील असला तरी त्याच्या आधी 'संवाद' आहे. मी जेथे 'सर्वेक्षक' लिहिले तेथे पंचवीस वर्षांपूर्वीच कोणीतरी अधिक शहाणा शब्द लिहून ठेवला होता.

पण माझी खरी अडचण आणखी जवळची होती. मी वर्षानुवर्षे वर्गात शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' शिकवत आलो. हे आत्मकथन १९८४चे. त्याची भूमी आमच्याच अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर. बापाचे नाव कोणते लावायचे, जात कोणती सांगायची, गाव आपले म्हणायचे का, हे प्रश्न त्यात प्रत्येक वेळी कागदाच्या निमित्ताने उभे राहतात. 'व्यवस्थेचा रकाना आणि माणसाचे असणे यांतील द्वंद्व' असे वाक्य मी फळ्यावर लिहिलेले आहे आणि विद्यार्थ्यांनी ते उत्तरपत्रिकांत इमानाने उतरवलेले आहे. त्याच हाताने मी एक रकाना लिहिला आणि त्यात एक बाई स्वतःच्या घरात भाडेकरू झाली.

सोलापूरलगत कुंभारीला विडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांची वसाहत आहे. २००६ साली ती घरे त्यांना मिळाली. तिच्या पुढची रे नगरची योजना तीस हजार घरांची. तिच्यातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आली. कुंभारीच्या वसाहतीला गोदूताई परुळेकरांचे नाव आहे. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या लढ्यावरचे त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७०चे, आणि तेही आपण साहित्य म्हणून वाचतो. ते एका कार्यकर्तीने केलेल्या पाहणीतूनही निघाले आहे, आणि त्या पाहणीत विचारणारीला आधी ऐकायला शिकावे लागले, हे मी वर्गात कधी सांगितले नव्हते. आता सांगतो.

दुसऱ्या नमुन्यातील पहिला प्रश्न अक्कांनी सुचवला : 'या घरात रात्री कोण कोण झोपतं?' दुसरा : 'भिंत कुणाच्या पैशानं उभी राहिली?' मी शुद्धलेखनाला हात लावला नाही. नमुना तेलुगूतही छापला. 'भाडेकरू' ठरलेल्या त्या बाईंची नोंद दुरुस्त झाली, विडीचे कार्ड जोडले गेले, यादी कचेरीत गेली.

मात्र पहिल्या वाचनाची बातमी त्यांच्या दिराच्या कानावर आधीच गेली होती. 'सरकारी कागदात भाडेकरू लिहिलंय' एवढेच त्याला पुरेसे होते. दुसऱ्या फेरीत अक्का त्या दारी गेल्या तेव्हा बाई भावाकडे अक्कलकोटला निघून गेल्या होत्या. अक्कांनी तेथे जाऊन त्यांची सही आणली. त्या परत आल्या, पण पाच महिन्यांनी, आणि त्या पाच महिन्यांत दिराने पुढची खोली घेतली ती घेतलीच. यादीत आता नाव बरोबर आहे. घर पूर्वीपेक्षा एका खोलीने लहान आहे. ती खोली साधारण दहा फूट बाय नऊ. आमच्या जुन्या साखळीच्या हिशेबाने गुंठ्याचा बारावा हिस्सा.