लोखंडाची भावकी

नांदेडला वजिराबादेत मी टंकलेखन शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. वर्गात बावीस यंत्रं होती, त्यातली चौदा रेमिंग्टन. सातची बॅच यायच्या आधी मी प्रत्येक यंत्राचं कॅरेज सरकवून बघायचो, अक्षरांच्या पोटात साचलेली शाई जुन्या टूथब्रशनं काढायचो आणि रुळाला तेलाचा एकच थेंब द्यायचो. यंत्रांखाली अंथरायला रद्दीवाल्याकडून जाड कागदाची मासिकं आणायची आमची पद्धत होती. अशाच एका अमेरिकन मासिकात पानभर पिस्तुलाचं छायाचित्र निघालं. खिडकीशी नेऊन पाहिलं तर पिस्तुलाच्या कुशीवर ठसवलेली अक्षरं स्पष्ट वाचता येत होती : रेमिंग्टन रँड, सिरॅक्यूज. माझ्यासमोरच्या यंत्राच्या कपाळावरही रेमिंग्टन रँडच लिहिलेलं होतं.

मुलं आली, कागद चढले, खडखडाट सुरू झाला. माझं लक्ष त्या पानावरून हललं नाही. ते पान मी यंत्राखाली घातलं नाही. आजही माझ्याकडे आहे.

पुढची पस्तीस वर्षं मी या पिस्तुलाच्या मागे आहे. नाव एम 1911. सांगाड्याचा आराखडा जॉन ब्राउनिंगचा. हा माणूस 1855 साली युटामधल्या ऑग्डेन गावी एका बंदूक-कारागिराच्या घरी जन्मला आणि 1926 साली बेल्जियममधल्या लिएज इथल्या कारखान्यात, कामाच्या टेबलाशीच गेला. फिलिपिन्समधल्या लढायांत अमेरिकन सैन्याला अडतीस बोअरची रिव्हॉल्व्हरं तोकडी पडली, म्हणून पंचेचाळीस बोअरच्या पिस्तुलाचा शोध सुरू झाला. मार्च 1911 मध्ये शेवटची चाचणी झाली : सहा हजार गोळ्या, पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा झाडायचं. ब्राउनिंगचं पिस्तूल एकदाही अडकलं नाही. स्पर्धेतलं दुसरं सदतीस वेळा अडकलं. 29 मार्चला ते सैन्यानं स्वीकारलं आणि 1985 पर्यंत तेच त्यांचं अधिकृत पिस्तूल राहिलं. त्याच 1911 साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी आमच्या लातूरला पोचली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात त्या शेजारी शेजारी बसल्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धात पिस्तुलांची मागणी इतकी वाढली की एकट्या कोल्ट कंपनीला ती पुरवणं शक्य नव्हतं. मग सरकारनं ज्यांना बारीक लोखंडकाम येतं अशा इतर कारखान्यांना हाताशी धरलं. शॉटगन बनवणारी इथाका. रेल्वेचे सिग्नल बनवणारी युनियन स्विच अँड सिग्नल; तिनं 1943 साली सुमारे 55 हजार पिस्तुलं दिली. आणि टाइपरायटरवाली रेमिंग्टन रँड. रेमिंग्टनच्या सुरुवातीच्या पिस्तुलांचे भाग एकमेकांत बसेनात. एकातली नळी काढून दुसऱ्यात घातली की अडायची. काम थांबवावं लागलं, मापं पुन्हा लावावी लागली. माझ्यासारख्याला यातली मेख लगेच कळते. परीक्षेच्या दिवशी एका यंत्राची अक्षरदांडी मोडली आणि दुसऱ्या यंत्राची तिथे बसली नाही, तर मुलाचं वर्ष जातं. रेमिंग्टननं ते सुधारलं आणि युद्ध संपेपर्यंत पावणेनऊ लाखांच्या आसपास पिस्तुलं केली, या सगळ्या कारखान्यांत सर्वांत जास्त.

या घराण्याचा मागचा इतिहास तर आणखी मागे ओढतो. मूळचे रेमिंग्टन न्यूयॉर्क राज्यातल्या इलियन गावचे बंदूकवाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर बंदुकांचा खप बसला, तेव्हा त्यांनी शिलाई मशिनी काढल्या आणि 1873 साली टाइपरायटर हाती घेतला. तो पहिला टाइपरायटर शिलाई मशिनीच्या विभागातच तयार झाला. म्हणून त्याला मशिनीसारखं लोखंडी टेबल होतं, अंगावर फुलांची नक्षी होती आणि ओळ संपली की कॅरेज परत आणायला पायडल होतं. म्हणजे बंदूक, शिलाई मशीन आणि टाइपरायटर ही तिन्ही एकाच वाड्यात वाढलेली भावंडं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण शिलाई मशिनीचं घर माझंच होतं.

माझे वडील, अण्णा, लातूरला गंजगोलाईत शिलाई करायचे. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्याच्या तोंडाशी दीड खणाचं दुकान. सिंगरची काळी मशीन, तिच्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी. अण्णांचा हात फिरून फिरून उजव्या बाजूची वेलबुट्टी पुसट झाली होती. खंडेनवमीला दुकानात मशीन, कात्री, कोळशाची इस्त्री, पट्टी सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा. त्या दिवशी मशीन चालवायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईचं असो. त्याच सकाळी पोलीस ठाण्यात बंदुका मांडलेल्या असायच्या आणि तहसील कचेरीत टाइपरायटरवर झेंडू चढलेला असायचा. शस्त्र आणि अवजार आपण एकाच पाटावर बसवतो. अमेरिकेतल्या कारखान्यांचा इतिहास मला परका वाटला नाही तो यामुळे.

सिंगरनंही पिस्तुलं केली. 1940 साली अमेरिकन लष्करानं तिला शिकाऊ ऑर्डर दिली : पाचशे नग, फक्त तुम्हाला जमतं का ते पाहण्यासाठी. 1941 साली न्यू जर्सीतल्या एलिझाबेथच्या कारखान्यानं ते पाचशे नग इतके नेटके करून दिले की लष्करानं ठरवलं, हे हात पिस्तुलावर घालवायचे नाहीत. सिंगरकडे विमानविरोधी तोफांचा नेम धरणाऱ्या यंत्रांचं काम गेलं आणि पिस्तुलाचे साचे इतर कारखान्यांकडे. त्या पाचशेतलं आज जे हाती लागतं त्याला संग्राहक वेड्यासारखी किंमत देतात. एकाला लिलावात चार लाख डॉलरच्या वर बोली गेली. अण्णांना हे सांगायला मिळालं नाही. ते असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, शटल कसं बसवलं होतं त्यात?

आपल्याकडे हा संग्रह होऊ शकत नाही, आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली पंचेचाळीसचं असं पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनं तर परवान्यावरची साधी शस्त्रंही तिनाऐवजी दोनवर आणली. शस्त्र घरात नसलेलंच बरं. पण म्हणून त्याच्याविषयीची ओढ खोटी ठरत नाही. नांदेडला सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांची शस्त्रं संगतीला दाखवतात, तेव्हा मी कितीदा तरी मागे उभा राहिलो आहे. रत्नं जडवलेली ढाल, धनुष्यं, बाणांचा भाता, तोड्याची बंदूक. प्रत्येक शस्त्र उचलून, नाव घेऊन दाखवतात आणि माणसं हात जोडतात. त्या हात जोडण्यात मारण्याची इच्छा कुठेच नसते.

पिस्तूल हातात घेतलं ते वयाच्या साठाव्या वर्षी. पुतण्या कनेक्टिकटमध्ये असतो. त्यानं आधी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड आर्मरीचं संग्रहालय दाखवलं. तिथे काचेआड ओळीनं बंदुका पाहून माझे पाय दुखले तरी मी हललो नाही. मग तो मला त्याच्या शेजारच्या एका निवृत्त टूलमेकरकडे घेऊन गेला. त्या गृहस्थांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, पिस्तुलातलं मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढून आत गोळी नसल्याचं आम्हा दोघांना डोळ्यांनी दाखवलं आणि मगच ते माझ्यापुढे ठेवलं. पुतण्या म्हणाला, "काका, घ्या हातात. तुमचंच आहे ते." रेमिंग्टन रँड, सिरॅक्यूज.

किलोभरापेक्षा थोडं जड. राखी, खरखरीत अंग. फॉस्फेटच्या द्रावणात उकळून गंज न लागण्यासाठी दिलेला तो थर. मुठीला तपकिरी प्लॅस्टिक. डाव्या बाजूला तपासनिसाची आद्याक्षरं, एफजेए. कचेरीत प्रत्येक कागदावर साहेबांची सही लागते, तशी प्रत्येक पिस्तुलावर ही तीन अक्षरं. मी स्लाइड हळूच मागे ओढली. आत नळी एका छोट्या कडीवर झुलते. स्लाइडबरोबर थोडी मागे येते, मग खाली झुकून सुटते आणि स्लाइड एकटीच मागे जाते. गोळी झाडली की रिकामं काडतूस बाहेर, घोडा मागे, स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते, पुढची गोळी आत. सुई खाली गेली की शटल फिरतं, सुई वर आली की दाते कापड पुढे सरकवतात, त्याच घराण्यातली ही चाल. त्या गृहस्थांनी कोणतंही हत्यार न वापरता ते माझ्यासमोर सुटं केलं आणि भाग ओळीनं मांडले. खंडेनवमीचा पाट डोळ्यांपुढे आला.

त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो ती सगळ्यात मोलाची. जुन्या पिस्तुलाला चकचकीत करायचं नाही. कोणी हौसेनं घासून नवा रंग चढवला की त्याची किंमत आणि साक्ष दोन्ही जातात. ओरखडा राहू द्यायचा, झिजलेली कड राहू द्यायची, भाग बदललाच तर त्याच कारखान्याचा शोधायचा. परत आल्यावर मला आपल्याकडच्या रंगाऱ्यांनी काळा ऑइलपेंट फासलेल्या कितीतरी मशिनी आठवल्या आणि वाईट वाटलं.

आता माझ्या घरात सहा शिलाई मशिनी आणि चार टाइपरायटर आहेत. पिस्तुलाची भावकी मी सांभाळतो. यातली एक मशीन किल्लारीजवळच्या माझ्या आत्याची. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, चार वाजायला चार मिनिटं. भूकंपात दगडमातीच्या रुंद भिंती माणसांवर आल्या. आत्या गेली. पाचव्या दिवशी ढिगारा उपसताना मशीन निघाली. लाकडी टेबलाचा चुरा झाला होता, हातचाक वाकलं होतं, अंगात माती भरली होती. अण्णांनी ती रॉकेलमध्ये बुडवून ठेवली, आठवडाभर रोज ब्रशनं माती काढली, चाक सरळ करून घेतलं. पहिला टाका पडला तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्या मशिनीला मी नवा रंग दिलेला नाही. मातीनं खरवडलेली वेलबुट्टी आहे तशीच आहे.

टंकलेखनाची संस्था बंद झाली. हाताच्या यंत्रांवरच्या परीक्षा गेल्या, संगणक आले. पण आमच्या हाताखाली शिकलेली मुलं आजही कचेऱ्यांत संगणकावर मराठी लिहिताना रेमिंग्टनचाच कळफलक निवडतात. संस्थेतली यंत्रं विकली तेव्हा भंगारवाल्यानं किलोचा भाव लावला. चार मी घेतली, बाकीची त्याच्या टेम्पोत गेली. त्या दिवसाचं दुःख अजून आहे.

म्हणून एक सांगतो. तुमच्या माळ्यावर, आजीच्या खोलीत सिंगर पडलेली असेल तर खाली काढा. हातचाकाच्या बाजूला, खांबाच्या पायथ्याशी लोखंडावर एक नंबर ठसवलेला असतो : आधी इंग्रजी अक्षर, पुढे आकडे. वाय किंवा एफ असेल तर ती स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकची. जी असेल तर न्यू जर्सीच्या एलिझाबेथची, पाचशे पिस्तुलं घडवणाऱ्या त्याच कारखान्यातली. तिला रंग देऊ नका, घासू नका. मशिनीचं तेल घाला, एक रात्र थांबा आणि चाक हातानं हळू फिरवा. आणि विकायचीच असेल, तर काट्यावर चढवण्याआधी लातूर-नांदेडकडच्या कुणीही मला एकदा हाक मारा.